पेनातलं दूध

पोरीच्या नाकातून दूध आलं आणि ते निळं होतं. ओठ निळे, हिरड्या निळ्या, हनुवटीवरून मानेपर्यंत गेलेला ओघळ निळा. ती गुदमरून निळी पडली होती की शाईने निळी झाली होती, हे बघून कळत नव्हतं. तिच्याभोवती तीन बाप्ये वाकून उभे होते. एकाच्या हातात पेन होता. पेनाच्या आतला दट्ट्या पार टोकाशी गेलेला दिसत होता, म्हणजे त्यातलं होतं नव्हतं तेवढं दूध तिच्या घशात गेलेलं होतं.

"जरा जास्त फिरलं वाटतं," तो म्हणाला.

मी कमरेवरची कळशी तिथेच टाकली. पोर उचलली, हातावर पालथी घातली, पाठीवर थापटलं. काही नाही. पाय धरून उलटी केली. तोंडातून थोडं गळलं, पण श्वास नाही. मग उताणी केली, तिचं नाक आणि तोंड दोन्ही एकदम माझ्या तोंडात घेतलं आणि ओढलं. तिचा चेहराच एवढासा होता की दोन्ही मावलं. माझ्या तोंडात दूध आलं, शेंबूड आला, शाई आली. शाई कडू लागते, पण नुसती कडू नाही. गंजका खिळा चोखावा आणि मागून सडक्या फुलांचा वास यावा, तसं काहीतरी. मी थुंकले आणि परत ओढलं. ओकायला वेळ नव्हता.

माझ्या मागे मुकादम त्या पेनवाल्याला म्हणत होता, "तरी सांगत हुतो, तुमची निब लई रुंद हाय."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. पोर मरत होती आणि तो निबेची रुंदी सांगत होता. आज मला चष्म्याशिवाय दिसत नाही, कालचं आठवत नाही, पण ते वाक्य जसंच्या तसं आठवतं आणि त्याबरोबर ती चवही तोंडात येते.

ही गोष्ट बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीच्या हंगामातली. आमचं गाव पाथर्डीच्या बाजूला, खडकाळ. दसरा झाला की आम्ही बैलगाड्या जुंपून ऊस तोडायला निघायचो आणि चार-पाच मुक्काम करत पुणतांब्याच्या अंगाला कॅनॉलच्या पाण्यावरच्या उसात पोचायचो. तिथे टोळीचा तळ पडायचा. उसाच्या पाचटाच्या कोप्या उभ्या करायच्या, आत चूल, बाहेर बैल. बाप्ये ऊस तोडायचे, आम्ही बायका मोळ्या बांधायचो. मी आणि माझी धाकटी जाऊ एकाच कोपीत राहायचो. आमचे नवरे गाड्या भरून कारखान्यावर न्यायचे आणि तिथल्या रांगेत कधी कधी दिवस काढायचे.

मी चौथी शिकलेली आहे. त्या तळावर लिहिता येणाऱ्या माणसांत माझी गणती व्हायला हरकत नव्हती, पण बाईची कोण करतो. पेन होते ते बाप्यांकडे. तीन जणांकडे तीन मोठे पेन, आणि त्यातल्या एकालाच नीट लिहिता यायचं.

पहिला मुकादमाचा. काळा, बैलाच्या शिंगासारखा चकाकणारा, वीतभर लांब आणि शेंड्याकडच्या उसाच्या कांडीएवढा जाड. त्याच्या पोटात काही नव्हतं, नुसती पोकळ विहीर. मान फिरवून काढायची आणि काचेच्या नळीने दौतीतली शाई उचलून थेंब थेंब आत सोडायची. नळीच्या मागे रबराचं बोंड असायचं, ते दाबून सोडलं की शाई वर चढायची. मुकादम सांगायचा, याच्याएवढी शाई कुठल्याच पेनात मावत नाही, एकदा भरला की महिना जातो. जाणारच. तो फक्त सही करायचा. त्या पेनाची खोड अशी की अर्धा रिकामा झाला की हाताच्या उबेने तो ओकायचा. मुकादमाच्या खिशावर कायम निळा डाग असे, ओल्या बाळंतिणीच्या चोळीवर असतो तसा. सही झाली की निब तो डोक्याच्या केसांत पुसायचा. तेलकट केस, त्यात कोंडा, त्यात शाई. मग तेच हात भाकरीला.

दुसरा माझ्या दिराचा. त्याला लग्नात सासऱ्याने दिलेला. आमच्यात तेव्हा जावयाला घड्याळ नाहीतर पेन देण्याची पद्धत पडत होती. घड्याळाची ऐपत नव्हती म्हणून मोठा पेन दिला, लांबूनही दिसावा असा. तांबडा, वर पिवळं टोपण, अंगठ्याएवढा जाड. त्याच्या आत रबराची नळी होती आणि नळीवर पत्र्याची पट्टी. पट्टी दाबायची, टोक दौतीत बुडवायचं, पट्टी सोडायची, की रबर फुगतं आणि शाई ओढतं. हे सगळं त्याला ऐकून माहीत होतं. तो अंगठा करायचा. पेन बाजारच्या दिवशी खिशाला लावायचा आणि एरवी ट्रंकेत ठेवायचा. त्या पेनाने कधी शाई बघितली नव्हती.

तिसरा कारकुनाचा. कोणता फड तोडायचा त्याची चिठ्ठी घेऊन तो सायकलवर यायचा. त्याला सगळे भाऊसाहेब म्हणायचे. त्याचा पेन हिरवा, काचेसारखा आरपार दिसणारा, मुकादमाच्या पेनापेक्षा बोटभर आखूड. त्याच्या शेपटाला फिरकी होती. फिरवली की आतला दट्ट्या मागे सरकायचा आणि टोकातून शाई वर चढायची. उलटी फिरवली की बाहेर. होळीची पिचकारीच ती. नवा घेतला तेव्हा तो त्यात पाणी भरून कुत्र्यांवर उडवायचा. एकदा आम्ही बायका मोळ्या बांधत होतो तर आमच्या पायांवर उडवलं आणि हसला. पेन चालेना झाला की निब जिभेला लावायचा. त्याच्या जिभेच्या शेंड्यावर निळा ठिपका असायचा. बोलताना तो दिसायचा.

हे तिघे एकत्र आले की पेन निघायचे. गाडीच्या साठ्यावर, म्हणजे फळ्यांवर, शेजारी शेजारी ठेवायचे. कुणाचा लांब, कुणाचा जाड, कुणात किती मावतं, कुणाचा दाबून भरतो आणि कुणाचा फिरवून. त्यावर ते जे हसायचे, ते कशावर हसतात हे आम्हाला कळत होतं. आम्हाला कळत नाही असं त्यांना वाटायचं.

जाऊबाईला आठवा चालू होता. मोळी उचलताना कळ आली आणि त्याच दुपारी कोपीत बाळंत झाली. शेजारच्या कोपीतल्या म्हातारीने नाळ कापली. पोरगी. हातात घेतली तर वजनच लागेना. अंगावर कातडी सैल, कान चोळामोळा झालेले, रडणं असं की कान देऊन ऐकावं लागे. म्हातारी म्हणाली, "ही काय ऱ्हात न्हाई." मी म्हणाले, "तुमी नाळ कापली ना, मग जावा आता, चहा प्या."

जाऊबाईला दुसऱ्या दिवशी ताप चढला. हुडहुडी भरायची, मग अंग चुलीसारखं तापायचं, मग ती काहीबाही बोलायची. दूध आलंच नाही. म्हातारीची सून अंगावर पाजणारी होती. तिने आपलं दूध वाटीत पिळून दिलं, कुरकुर न करता दिलं, हे सांगितलं पाहिजे. पण पोरीला ओढायची ताकद नव्हती. स्तनाला लावली तर तोंड उघडून नुसती पडून राही. कापसाचा बोळा भिजवून दिला तर तोही चोखेना. पिळला तर दूध ओठाच्या कडेने बाहेर. भुकेने तिचं रडणंही थांबलं. रडायची थांबली तेव्हा मी उठून मुकादमाकडे गेले.

"दादा, तुमची ती काचंची नळी द्या."

"कशाला?"

"पोरीला दूध पाजायला."

"शाईची हाय ती."

"उकळून घेते."

"अन् माझा पेन काय पान्यावर चालवू?"

"भरलेला हाय का न्हाई तुमचा पेन?"

त्याने पेनाची मान फिरवून काढली, डोळा लावून आत बघितलं. "काठोकाठ हाय," तो म्हणाला आणि त्याला एवढं बरं वाटलं की नळी दिली. वर म्हणाला, "सुवेर फिटलं की गोमूत्रानं धुऊन आन. बाळंतिणीच्या हातची तशीच नको मला."

त्याच्या केसांतला कोंडा निबेला चालत होता, पण बाळंतिणीचा हात नळीला चालत नव्हता. पण मला नळी हवी होती.

तांब्यात पाणी उकळून नळी त्यात घातली. पाणी निळं झालं. ओतलं, परत उकळलं. तरी पहिले घोट निळसरच गेले असतील. नळीने पाजायची रीत मला हळूहळू जमली. जिभेच्या बाजूला एक थेंब सोडायचा आणि थांबायचं. घसा हलला की दुसरा. घाई केली की खोकला. वाटीचा तळ भरेल एवढं दूध पाजायला मांडी बधिर व्हायची. दिवसभर हेच. मी फडावर जाणं बंद केलं, त्याची मुकादमाने दोनदा आठवण करून दिली. पण पोर परत रडायला लागली. रडणं कोपीबाहेर ऐकू यायला लागलं. म्हातारी सकाळी डोकावून पोरीचं रडणं ऐकून गेली.

मग तो दिवस आला. चिठ्ठी उशिरा आली म्हणून फड बंद होता. माझा नवरा आदल्या दिवशीची गाडी घेऊन कारखान्यावर अडकला होता. दिराच्या गाडीचा बैल लंगडत होता म्हणून तो तळावरच होता. भाऊसाहेब आला, चिठ्ठी दिली, चहा प्याला आणि जायचं सोडून गाडीच्या साठ्याला टेकून बसला. पेन निघाले.

मी कोपीत पाजत होते. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"थेंबाथेंबानं भरायचा पेन आता कोन वापरतं मुकादम," भाऊसाहेब म्हणत होता. "फिरकीचा जमाना आहे."

"फिरकीच्या पोटात यंत्र असतं. यंत्रानं जागा खाल्ली की शाई मावायची कुठं?"

"तुमच्यापेक्षा जास्त मावते माझ्यात."

"मोजायचं का?"

"मोजा की."

मुकादम कोपीत वाकून आला. माझ्या हातातून नळी घेतली. नळीत दूध होतं, ते त्याने जमिनीवर झटकलं.

"दादा, पोर अजून भुकेली हाय."

"आलोच," तो म्हणाला.

त्यांनी मुकादमाचा पेन दौतीत उपडा केला आणि नळीने परत भरायला लागले. धान्य मापताना मोजतात तसे मोजत होते, एकाऐवजी लाभ, मग दोन, तीन, मोठ्याने. दीर मोजत होता. त्याची पोर आत उपाशी होती आणि तो शाईचे थेंब मोजत होता, आणि चुकला की परत पहिल्यापासून. मी पोरीला पदरात घेऊन दारात उभी राहिले. मुकादमाचा भरला. मग भाऊसाहेबाचा रिकामा करून नळीने मोजायची वेळ आली तेव्हा त्याने नळी आपल्या हातात मागितली, कारण मुकादम छोटे थेंब सोडेल असा त्याला संशय. मुकादम देईना. ओढाओढीत नळी सुटली आणि चाकाच्या लोखंडी धावेवर पडली.

काच केवढी ती. आवाजसुद्धा झाला नाही.

"तुमी सोडली."

"तुम्ही ओढली."

मी म्हणाले, "आता पोरीला कशानं पाजू?"

तिघांनी माझ्याकडे बघितलं. मी तिथे आहे हे त्यांना आत्ता आठवलं असावं.

आधी दीर उठला. ट्रंकेतून पेन घेऊन आला. म्हणाला, "वैनी, माझ्यात रबर हाय. मऊ असतं. नळीपरीस बरं." मला वाटलं, बापाला काहीतरी वाटलं. मी वाटी पुढे केली. त्याने पट्टी दाबून टोक दुधात बुडवलं. पट्टी सोडली तरी दूध चढेना. लग्नापासून ते रबर तसंच पडून आतल्या आत चिकटलेलं. त्याने जोर लावून चार-सहा वेळा दाबलं तेव्हा दूध आत गेलं आणि परत बाहेर आलं ते काळ्या कण्या घेऊन. सायकलची ट्यूब जळावी तसा वास. वाटीतलं दूध गेलं. त्या सुनेने अंग पिळून दिलेलं दूध होतं ते. मी मातीत ओतलं.

"सासऱ्यानं फसवलं राव तुम्हाला," भाऊसाहेब म्हणाला आणि मुकादम हसला. दीर तोंड पाडून पेन पुसत बसला. त्याला पोरीचं काही नव्हतं, पेनाचं वाईट वाटत होतं.

मी त्या सुनेकडून परत थोडं दूध आणलं. मनात होतं की बोटाच्या टोकाने थेंब थेंब चाटवावं. तेवढ्यात भाऊसाहेबाने आपला पेन बैलांच्या हौदातल्या पाण्यात बुडवून दोन-तीनदा भरला आणि उडवला. पाणी निळं, मग फिकं, मग त्याला पुरेसं वाटलं एवढं स्वच्छ.

"आण वहिनी इकडं. थेंब पाहिजे तर थेंब, धार पाहिजे तर धार. माझ्या हातात आहे."

"टोक लोखंडाचं हाय. टाळू फाटंल तिची."

"लोखंड कुठलं. सोन्याचं आहे. बघा की पिवळं." मग दिराकडे वळून म्हणाला, "बाळाला सोनं चाटवतात ना तुमच्यात? चाटवलं का?"

चाटवलं नव्हतं. आमच्याकडे मूल झालं की सोन्याचा मणी मधात उगाळून चाटवायची पद्धत आहे. त्याने बुद्धी येते, आयुष्य वाढतं. जाऊबाईचं मंगळसूत्र काळ्या मण्यांचं होतं, सोन्याचे दोन मणीही त्यात नव्हते, म्हणून राहून गेलं होतं. दिराचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "ऱ्हायलंच हुतं ते," तो म्हणाला. मुकादमानेही मान हलवली. पेनाच्या बाबतीत ते दोघं वैरी, पण सोन्याच्या बाबतीत एकमत झालं.

"सोनं नंतर चाटवा," मी म्हणाले. "ती जगू द्या आधी."

"त्यानंच जगंल वैनी."

तेवढ्यात आत काहीतरी पडलं. जाऊबाई तापात उठून बसली होती आणि चुलीकडे कलंडली होती. केसांना विस्तव लागायच्या आत मी तिला ओढली. ती मला तिची आई समजून बोलत होती. अंगाला हात लाववत नव्हता. कपाळावर ठेवायला पाणी बघितलं तर कळशी रिकामी. पोर मी कोपीच्या दारात सुपात गोधडीवर ठेवली, वाटीवर झाकण ठेवलं, म्हातारीच्या सुनेला हाक मारली की जरा जाऊबाईजवळ बस, आणि कॅनॉलच्या चारीवर पाणी आणायला गेले. चारी काही लांब नव्हती. कळशी भरून मी परत आले तेव्हा सूप रिकामं होतं आणि तीन माणसं वाकून उभी होती.

पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलं आहे.

तिने श्वास घेतला तो हिसका देऊन. पाय आखडले, हात आखडले, आणि मांजराच्या पिल्लासारखी चिरकली. मी तिला उलटसुलट करून पुसली. टाळूला निबेने ओरखडा पडला होता, रक्त आलं होतं, तेही दुधात मिसळून जांभळं दिसत होतं. गोधडीचं टोक तोंडात फिरवलं, दोनदा फिरवलं. ती रडत राहिली. रडू दिलं.

भाऊसाहेब तोवर बाजूला जाऊन पेनाची फिरकी फिरवत होता. फिरेना. शाईत दूध फाटलं होतं आणि गाठी टोकात अडकल्या होत्या. त्याने पेन झटकला तर दह्यासारखी निळी कवडी बाहेर पडली. "वाया गेला," तो म्हणाला, आणि दिराकडे असं बघितलं की जणू पोरीनेच मागितला होता. मुकादमाने कवडीकडे बघितलं. त्याचं तोंड गंभीर होतं, पण डोळे खुशीत होते. "म्हनून म्हनतो," तो म्हणाला, "आपला बिनयंत्राचा. काय भरा, काय काढा, धुतला की झाला."

"पण त्याला नळी लागते."

"नळी बाजारात मिळती. तुमचं यंत्र मिळंल का?"

दीर म्हणाला, "रबर बदलून मिळतं म्हनं नगरला."

मी तिथेच बसले होते, मांडीवर पोर, तोंडात ती चव. थुंकत होते. दिराने माझ्याकडे बघितलं आणि त्याला हसू आलं. "वैनी, जीभ बघा तुमची. भाऊसाहेबावानी झाली."

तिघेही हसले. मला वाटतं त्यांची भीती गेली म्हणून हसले. तेव्हाही हे मला कळत होतं. पण म्हणून किळस कमी होत नाही.

"उठा," मी म्हणाले. "तिघं बी उठा हितनं. पेन घ्या अन् उठा. भावजी, तुमी गाडी जुंपा."

"बैल लंगडतोय."

"म्हातारीच्या घरचा मागा. पुनतांब्याला जायचंय. दवाखान्यात."

"एवढा ताप तर समद्यास्नी येतो, वैनी."

मोळ्यांच्या ढिगावर माझा कोयता होता, तो उचलून हातात धरला. मारायला नाही. मला काय करू ते सुचत नव्हतं आणि हातात काहीतरी हवं होतं. पण भाऊसाहेब सायकलकडे गेला, मुकादम बैलांकडे गेला आणि दीर बैल मागायला गेला. मुकादम जाता जाता म्हणाला, "बाईचं डोकं फिरलं." फिरलं असेल.

गाडीत पाचटावर जाऊबाईला निजवली. पोर माझ्याजवळ. म्हातारीची सून आपलं लेकरू सासूकडे ठेवून आमच्याबरोबर आली, दूध लागेल म्हणून. वाटेत ती बोटाला दूध लावून पोरीच्या जिभेवर ठेवत होती. पोर मधूनच गिळायची, मधूनच पडून राहायची. दीर पुढे गाडी हाकत होता. खिशाला पेन होता. बाजाराच्या गावाला जायचं म्हणून त्याने तो लावला होता. मी त्या पिवळ्या टोपणाकडे बघत सगळा रस्ता काढला.

सरकारी दवाखान्यात जाऊबाईला इंजेक्शन दिलं आणि ठेवून घेतलं. नर्सबाईने पोरीचं तोंड उघडून बघितलं.

"हे काय दिलंत?"

"शाई."

"कुणी सांगितलं द्यायला?"

"सोन्याची निब हाय म्हनून."

तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या ओठांकडे बघितलं. म्हणाली, "नळीनं पाजत होतात ते बरोबर होतं. तेच करा. हळू." तिच्याकडे द्यायला नळी नव्हती. म्हणाली, वहीपुस्तकांच्या दुकानात मिळेल.

मी दुकान शोधत गेले. दुकानदार गादीवर बसून कान कोरत होता.

"काचंची नळी पायजे. शाई भरायची."

"पेन केवढा आहे?"

"पेन न्हाई."

"मग ड्रॉपर कशाला? लहान पेनाला लहान लागतो, मोठ्याला मोठा. तोंड केवढं आहे सांगा म्हणजे देतो."

मी करंगळीचं टोक दाखवलं. "एवढं."

"एवढं? मग मोठाच पेन दिसतोय. कुठल्या कंपनीचा? दट्ट्याचा असला तर ड्रॉपर लागत नाही बाई, उगीच नेऊ नका. आमच्याकडे एक नवीन आलाय, दाखवतो."

तो उठून कपाट उघडायला लागला. खरंच उघडलं. हा चौथा, मी मनात म्हणाले.

"माणसाचं तोंड हाय," मी म्हणाले. "पोरीचं. दोन नळ्या द्या, एक फुटली तर."

तो थांबला. दोन नळ्या काढल्या. कोऱ्या होत्या, शाई न लागलेल्या. त्याने त्या कागदात गुंडाळल्या आणि तरीही पाकीट हातात देताना म्हणाला, "घरात कुणाला पेन घ्यायचा झाला तर सांगा."

मी दवाखान्याच्या पायरीवर बसून पोरीला पाजलं. एक थेंब आणि थांबायचं. ओरखड्यामुळे तिला टाळूला लागू द्यायचं नव्हतं, म्हणून गालाच्या आत सोडत होते. ती घशातून आवाज करत गिळत होती. मागे वऱ्हांड्यात दीर कुणाला तरी पेन दाखवत होता. रबर खराब झालंय, नाहीतर चीज आहे, असं सांगत होता.

जाऊबाई चांगली होईपर्यंत आम्ही तिथेच होतो. नंतर तळावर परत आलो तरी पोरीच्या जिभेवरचा निळा रंग पुरता गेला नव्हता. शीसुद्धा निळी-हिरवी होत होती, ती धुताना मला परत परत तो वास यायचा, खरा नसला तरी. टोळीत बातमी पसरली की निळं मूल झालंय. दुसऱ्या तळावरच्या बायका हळदकुंकू घेऊन बघायला आल्या, देवाचा अंश असेल म्हणून. मी लंगोट सोडून दाखवला. पोरगी आहे हे बघून त्या कुंकू न लावता परत गेल्या.

मुकादमाने एक नळी परत मागितली. त्याची फुटली ती पोरीमुळे, असं त्याचं म्हणणं. मी दिली नाही. भाऊसाहेब नवा पेन घेऊन आला, पहिल्यापेक्षा मोठा, आणि परत गाडीच्या साठ्यावर ठेवून मापं सुरू झाली. दीरही जाऊन बसायचा. मी ऊस तोडणीला परत गेले तेव्हा पोर झोळीत फडाच्या बांधावर असायची. मोळ्या बांधता बांधता मध्येच जाऊन जाऊबाई तिला पाजायची. आता तिला दूध आलं होतं आणि पोर ओढायला शिकली होती. तिचा ओढण्याचा आवाज मला बांधावरून ऐकू यायचा.

पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपून कारखाना बंद झाला, तेव्हा आम्ही गाड्या भरून गावाकडे निघालो.

पोर जगली. तिची आई जगली.